जमलेला पाव

दातांच्या दवाखान्यात शिवणकामवाली बाई सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची धाकटी बहीण बोलत होती, आणि नको म्हटलं तरी ते तिच्या कानावर पडत होतं.

“दादा, तुझ्या त्या घरच्या आंबवणावर फुगवायच्या सॉवरडो पावाचं कुठवर आलं?”

“जमला.”

“अरे वा! मग तोंड का पाडून बसलायस?”

“पहिला पाव म्हणजे नुसती वीट झाली, तेव्हा लेकीला फोन केला. तिची आई गेल्यापासून बोलत नव्हती माझ्याशी. पण उचलला. म्हणाली, बाबा, आंबवण अजून कच्चं आहे, रोज थोडं पीठ-पाणी घालत राहा.”

“बोलली ना? झालं तर!”

“मग आतून चिकट राहिला, पुन्हा फोन. खालून करपला, पुन्हा फोन. एकदा तर हसलीसुद्धा.”

“मग बिनसलं कुठे?”

“जमला ना! मस्त फुगला. आनंदाच्या भरात फोटो पाठवला. तिनं लिहिलं, छान, आता तुम्हाला माझी गरज नाही.”

“कौतुकानं म्हणाली असेल रे.”

“तेव्हापासून फोन उचलत नाही.”

“मग मुद्दाम बिघडव एखादा!”

“बिघडवला गं. आंबवण घातलंच नाही, दगड झाला. फोटो पाठवला. तर तिनं कुठल्याशा बाईचा व्हिडिओ धाडला. म्हणे, यात सगळं आहे.”

आतून शिवणकामवालीचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

“बघितलास व्हिडिओ?”

“बघितला. चांगलं शिकवते ती बाई.”