वर चार पोरं, खाली मी

तुमी सगळे म्हणता, काका, तुमचं बरंय, चारी पोरं एकाच घरात. मग ऐका.

जासईत मी चार माळ्यांचं घर बांधलं. एकेका पोराला एकेक माळा दिला, आणि मी एकटा खाली तळमजल्यावर राहतो. बायको गेल्यापासून माझं ताट वरून येतं. कुठल्या माळ्यावरून, ते कुणी ठरवलं नाय. मला शुगर हाय. आधी इन्सुलिनची सुई टोचायची आणि लगेच जेवायचं, नायतर साखर एकदम उतरून माणूस आडवा होतो. एरवी चहात साखर घातली की चारी पोरं खेकसतात, "बाबा, मरायचंय का?"

परवाच्या रविवारी सुई टोचली आणि ताटाची वाट बघत बसलो. ताट काय येईना. हात थरथरायला लागले, घाम फुटला. जिन्यापाशी जाऊन ओरडलो, "अगो, जेवन देतंय का कोन?"

थोरली सून पहिल्या माळ्यावरून म्हणाली, "वरून नाय आलं?"

वरची म्हणाली, "मला वाटलं, खालून दिलं."

डोळ्यांपुढं अंधारी आली. मी पायरीवरच बसलो. तेव्हा कुठं चारी पोरं धावत आली. चौघांच्याही मुठीत साखर! थोरल्यानं तोंडात कोंबली. जरा तरतरी आली तसा धाकटा म्हणाला, "बाबा, आमी चौघं हाव ना, घाबरता कशाला?"

मी म्हटलं, "चौघं खांदा द्यायला लागतात रे. जेवायला घालायला एक पुरला असता."