दोनदा वजा केलेली धूळ

भाची : दार लावून घेऊ का?

मावशी : भरदुपारी? लोक म्हणतील, मावशी-भाची काय कट शिजवतायत. बस आधी. जेवलीस?

भाची : नंतर जेवते. मावशी, मी उत्तर बघितलं.

मावशी : कसलं उत्तर?

भाची : आपलं. उद्या सगळ्यांसमोर उघडायचं ते.

मावशी : शक्यच नाही. गुप्त आकडा मिसळल्याशिवाय संगणक उत्तर दाखवत नाही. कुणी हव्या त्या उत्तराकडे हिशेब वाकवू नये, म्हणून मीच घातलाय तो नियम.

भाची : चाचणीची जुनी फाइल उघडी राहिली होती. तिच्यात तो आकडा नसतो. मी तिच्यातच खरे तारे घातले. सहाशे फुटलेले तारे, सगळेच्या सगळे. चुकून गं.

मावशी : कधी?

भाची : सोमवारी.

मावशी : आणि आज गुरुवार.

भाची : सांगणारच होते. पण जे दिसलं ना... विश्व नुसतं वेगानं पसरत नाहीये, त्याला ताणणारा जोरच वाढत चाललाय. गुरुत्वाकर्षण हरत जाणार. आधी दीर्घिका सुटणार, मग सूर्यापासून ग्रह, शेवटी अणूसुद्धा—

मावशी : थांब. पुढे बोलू नकोस.

भाची : अब्जावधी वर्षं आहेत, ठाऊक आहे मला. तरी ओट्याची कड घट्ट धरून उभी होते, दूध उतू जाईपर्यंत. हसू नकोस.

मावशी : हसत नाहीये.

भाची : मग चूक शोधायला बसले. तीन दिवस. आणि सापडली! जवळच्या ताऱ्यांच्या प्रकाशातली धूळ दोनदा वजा झालीय. एकदा दुर्बिणीवाल्यांनी केली, एकदा मी. म्हणून ते जास्त तेजस्वी, म्हणजे आहेत त्याहून जवळ वाटले. दुरुस्त केलं, तर जोर स्थिर. नेहमीसारखा.

मावशी : चूक खरी आहे?

भाची : आईशप्पथ.

मावशी : लांबच्या ताऱ्यांत शोधलीस?

भाची : ...नाही.

मावशी : का?

भाची : जीव भांड्यात पडला होता.

मावशी : म्हणजे भीती संपली तिथं शोध संपला.

भाची : हो. मला काढणार का?

मावशी : या हिशेबातून, हो. ज्यानं काही पाहिलेलं नाही, त्याच्याकडे जाईल तो.

भाची : चार वर्षं घातलीयत मी! आधीच म्हणतात, मावशीच्या वशिल्यानं आली.

मावशी : आता म्हणतील, मावशीलाही घेऊन बुडाली. मीही बाहेर.

भाची : तू कशाला? तू कुठे काय बघितलंस?

मावशी : ऐकलं ना. "बघितलं" एवढंच सांगायचं होतंस गं, काय बघितलं ते नाही. घे, कागद घे. गटातल्या सगळ्यांना घडलं ते लिहू. सह्या दोघींच्या.

भाची : (लिहिता लिहिता) मावशी, लांबच्या ताऱ्यांतही चूक निघाली तर? जोर पुन्हा वाढवणारी?

मावशी : निघू शकते.

भाची : मग खरं काय असेल? तुला काय वाटतं?

मावशी : मला विचारू नकोस. मीही घाबरलेय. तारीख घाल.