दोन गावचे डॉक्टर

अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या डुलुथ गावी, औषधाच्या दुकानात बाकावर बसलेल्या हॅल्वरला दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं बरं वाटेना. पण उठून गेलं तर आपण ऐकत होतो हे त्यांना कळेल, म्हणून तो पुस्तकात डोकं खुपसून बसून राहिला. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं.

"व्हर्ना, गाडीच्या किल्ल्या दे."

"उभा राहिलास की भोवळ येते तुला, ऑर्विल. आणि दर हिवाळ्यासारखं उबेला अ‍ॅरिझोनाला जायचं, तर तिथपर्यंत गाडी हाकणं मला जमायचं नाही. यंदा हिवाळा इथेच."

"म्हणजे बर्फ उपसत बसू?"

"बसणं तेवढं जमेल तुला."

काउंटरवरच्या मुलीने त्यांची औषधांची पिशवी रिकामी केली होती.

"आजोबा, रक्तदाबाच्या या दोन्ही गोळ्या रोज घेता?"

"घेतो की. ही इथल्या डॉक्टरीणबाईंची, ती अ‍ॅरिझोनाच्या डॉक्टरांची."

"औषध एकच आहे. कंपन्या वेगळ्या, म्हणून नावं वेगळी. तुम्ही दुप्पट घेताय. भोवळ त्यानेच येत असेल."

"अस्सं."

"एका डॉक्टरांना दुसऱ्यांची गोळी दाखवली नाहीत?"

"कशी दाखवणार, पोरी? वाईट वाटलं असतं त्यांना."

"थांबा, मी डॉक्टरीणबाईंना आत्ताच फोन लावते."

मुलगी आत गेली. 

"ऐकलंस ना, व्हर्ना? मी काही म्हातारा झालो नव्हतो. आण त्या किल्ल्या."

"देईन. पण आज नाही. सकाळच्या दोन्ही गोळ्या अजून तुझ्या पोटात आहेत."