बुधाच्या माडावरचा दिवस

(पालघरजवळच्या माहीमची किनाऱ्यालगतची वाडी. कडेच्या माडावर बुधा नारळ पाडतो आहे. खाली सासू आणि सून.)

माई : म्हंजे माजा दिना खोटं बोलला, असंच ना?

दमयंती : मी तसं कुठं म्हटलं, माई? मला नुसतं इतकंच कळत नाही, की काल मी तात्यांच्या दुकानात फोनवर बोलत होते, समोर सूर्य बुडत होता, आणि हे म्हणाले, "इथंपण आत्ताच दिवस मावळला, दिवे लागले." मस्कतला तेव्हा कसा मावळेल?

माई : का नाय मावळणार? सूर्य काय दोन हायत? इथं बुडला का सगळीकडं बुडला.

दमयंती : सरावलीच्या विजयाचा नवरा पण मस्कतलाच आहे. त्याचा फोन आपल्याकडे दिवे लागल्यावर येतो. तो म्हणतो, तिकडे अजून ऊन आहे.

माई : तिचा नवरा बाता मारतो. लग्नात बघितलाय मी त्याला.

दमयंती : पृथ्वी गोल आहे, माई. आधी आपल्याकडे मावळतो, मग त्यांच्याकडे.

माई : गोल म्हणं. गोल असती तर आपल्या बावीतलं पाणी सांडलं नसतं? सातवीपत्तर शिकलीस तर मास्तरीण झालीस.

दमयंती : दहावीपर्यंत.

माई : तेच ते. नवरा परदेशात गेला का बायकांच्या डोक्यात किडे पडतात. उद्या म्हणशील, त्यानं दुसरी ठेवलीय.

दमयंती : ते डोक्यात आलंच नाही असं नाही. खोटं कशाला सांगू?

माई : जीभ आवर.

दमयंती : मग तुम्हीच सांगा. सातपाटीची होडी परत येते, तेव्हा आधी काय दिसतं तुम्हाला?

माई : डोलकाठी. हे काय विचारणं झालं?

दमयंती : आणि खालची होडी?

माई : ती मागनं दिसते. लांबचं बारीक दिसतं, म्हणून.

दमयंती : बारीक दिसायची तर सगळीच बारीक दिसेल. नुसती खालची कशी लपते? मधे पाण्याचा फुगवटा आहे, माई. त्याच्यामागे असते ती.

माई : पाण्याला कधी फुगवटा येतो? पाणी म्हंजे सारवलेल्या अंगणासारकं सपाट.

दमयंती : बरं. तो बघा, सूर्य टेकला. आपण खाली उभ्या आहोत, बुधा वर आहे. आपल्याला दिसेनासा झाला की त्याला विचारते. पाणी सपाट असेल, तर त्याला पण तेव्हाच दिसेनासा होईल.

माई : तू नको विचारू. तू त्याला आधीच पढवलं असशील.

दमयंती : बुधाला? तो दुपारपासून झाडावर आहे.

माई : तरी पण. मी विचारते. तू गप ऱ्हायचं.

दमयंती : राहिले.

माई : ...गेला. बुडला. बुधा, अरे बुधा, दिवस दिसतो का रं तुला?

बुधा : दिसतो ना, माई.

माई : नीट बघ. गेला तो.

बुधा : नाय गेला. नखायेवढा हाय अजून. लाल लाल.

माई : झाडाआडनं बघतोस का काय?

बुधा : झाड कुठं हाय म्होरं? नुसता दर्या हाय. थांबा... आता गेला. रोजच असा जातो. खाली काळोख पडतो तवा माज्या कोयत्यावर ऊन असतं.

माई : मंग इतकी वर्सं बोलला का नायस?

बुधा : तुमी कवा विचारलाव?

दमयंती : माई? बसताय का? हा ओंडका घ्या. मला काही जिंकायचं नव्हतं, माई.

माई : ठावं हाय मला. तू काय आनंदानं बोलत नाय होतीस.

दमयंती : कदाचित त्यांचं बोलण्यात चुकलं असेल. ढग आले असतील तिकडे.

माई : नाय. काल तू फोन माज्या हातात दिलास ना, तवा त्यानं मला विचारलं, "आये, पावसानं पानवेली कुजल्या नाय ना?"

दमयंती : परवाच्या पावसानं? तो तर अवकाळी होता. त्यांना कोणी कळवलं?

माई : कोणी नाय. मी पण तेच मनात म्हटलं. भिजला असंल तो त्याच पावसात.

दमयंती : आणि कालपासून बोलला नाहीत?

माई : बोलले असते तर खरं झालं असतं. तू दिवसाचं काढलंस, मला वाटलं, तुजं दिवसाचं खोटं ठरलं का माजं पावसाचं पण खोटं ठरंल. म्हणून भांडत होते तुज्याशी.

दमयंती : म्हणजे ते मस्कतला गेलेच नाहीत. तिकडे नोकरी लावतो म्हणणारा तो एजंट पैसे घेऊन पळाला असणार. विमानतळावर पण येऊ दिलं नव्हतं आपल्याला, आठवतंय?

माई : त्या एजंटाचे पैशे भरण्यापायी वाडीचा अर्धा तुकडा इकला. दिना कुठल्या तोंडानं घरी येल? माजी बहीण काळबादेवीला ऱ्हाते, ती दिवाळीला आली नाय. पाय दुखतो म्हणाली. तिचा पाय कवा दुखला नाय. तिच्याकडंच असंल तो.

दमयंती : आणि दुसरी कोणी असली तर?

माई : तर तुज्या आधी माजी चप्पल पोचंल. पण नाय. बाईच्या नादाला लागलेला पानवेलींची चौकशी नाय करीत.

दमयंती : मला रडू येतंय, माई. राग पण येतोय.

माई : दोन्ही येऊ दे. पृथ्वी गोल का काय असंल ती असू दे. मुंबईपत्तर तर सपाटच हाय. सकाळी पालघरवरनं गाडी धरू.

दमयंती : भेटल्यावर काय बोलायचं?

माई : मी पयलं विचारीन, जेवलास का. मंग तू भांड, पोटभर.

बुधा : माई, आता वर पण काळोख झाला. उतरू ना मी?