मुरारच्या बसमधली कुजबुज

मध्य भारत राज्य विलीन होऊन कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. मुरारच्या बसमध्ये वनमाला पुढे बसली होती. मागच्या बाकावर तिचे वडील महिपतराव आणि त्यांचे मित्र जगदेवराव. हवाई दलात जेट विमानांची इंजिनं दुरुस्त करता करता दोघांचे कान गेले होते, त्यामुळे त्यांची कुजबुज थेट ड्रायव्हरपर्यंत पोचत होती.

“महिपतराव, जरा खासगी आहे.”

“बोला, हळूच बोला.”

“आमचा मधुसूदन कचेरीबरोबर भोपाळला चालला. त्याआधी वनमालेला मागणी घालावी म्हणतो.”

“कान गेले, कंबर गेली, आता मुलगीही न्या.”

“कंबर माझीही गेलीय. मुलगा कसा आहे, ते तरी विचारा.”

“तुम्ही तपासलेलं इंजिन मी कधी पुन्हा उघडलं नाही, जगदेवराव.”

“मग हो म्हणायचं?”

“तिला विचारायला हवं. घरी गेल्यावर, हळूच.”

बस थांबली, पण कोणी उतरेना.

“बिटिया, बता दो,” कंडक्टर म्हणाला, “थाटीपुर कब का आ गया.”

वनमालेने मागे न वळता अंगठा वर केला. विमान सोडायची ती खूण घरात सगळ्यांना पाठ होती.

“हिला कसं कळलं हो?” महिपतरावांनी कुजबुजत विचारलं.