सर, तो डोंगर आहे

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले अधीक्षक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या एक्स-रे विभागाच्या मॅडम, त्यांचे यजमान, सर्व सिस्टर्स, सहकारी, आणि तिसऱ्या रांगेतून आत्ताच ‘आवर’ अशी खूण करणाऱ्या माझ्या मातोश्री,

मी हाडांचा डॉक्टर. भाषण हा काही माझा प्रांत नाही, पण आज गप्प बसवेना.

मॅडमचं काम आपण रोज पाहिलं. पण सुट्टीत त्या जायच्या कुठे, हे कुणाला ठाऊक होतं? सोमवारी बुटांना चिखल आणि नाक उन्हानं सोललेलं. विचारलं तर उत्तर एकच, “जरा बाहेर गेले होते.”

एकदा रिपोर्टला उशीर झाला म्हणून मी तावातावानं त्यांच्या अंधाऱ्या खोलीत शिरलो. पडद्यावर काळीपांढरी आकृती. चष्मा सावरत मी म्हणालो, “मणके फारच झिजलेत हो. ऑपरेशन करावं लागेल.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, तो डोंगर आहे.”

हसा, हसा. त्या तेव्हा हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार!

मग त्यांनी आणखी फोटो दाखवले. वाऱ्यानं एका कुशीवर झोपवलेलं गवत. तळ्याकाठची रिकामी वाट, पण कुणीतरी नुकतंच तिथून गेलंय असं वाटावं. मी भांडायला आलोय हेच विसरलो. म्हटलं, “लोकांना दाखवत का नाही?”

“लोक इथे आत काय मोडलंय ते बघायला येतात. त्यांना बाहेरचं कशाला दाखवू?”

मी ऐकतोय थोडाच! साहेबांच्या मागे लागून आमच्या वॉर्डाबाहेरच्या लांब व्हरांड्यात ते फोटो ओळीनं लावून घेतले.

त्याच सुमारास आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन सोपं, पेशंट अवघड. चालायचं नाव काढेना. म्हटलं, “आई, अशानं अंथरुणाला खिळशील.” तर म्हणाली, “लहानपणी तू माझं किती ऐकायचास?” पाय आखडत चालला होता. लोकांना चालतं करणारा मी, घरी बायकोपुढे रडलो.

एका दुपारी मॅडम वॉर्डात आईच्या खाटेपाशी आल्या. “काकू, बाहेर माझे फोटो लावलेत. तुमच्या मुलाला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही बघता का?”

मुलाला काही कळत नाही, हे ऐकून आईला अशी उभारी आली म्हणून सांगू! वॉकर धरून गवतापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तळ्यापर्यंत. पुढच्या धुक्याच्या फोटोशी मात्र अडली.

“यात काहीच दिसत नाही. पलीकडे काय आहे?”

“मलाही माहीत नाही, काकू. कितीतरी वेळ थांबले, धुकं हटलंच नाही. शेवटी तसाच काढला.”

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बरं केलंस. चल पुढे.”

मी खांबाआड उभा होतो. तिथून पुढे आलो नाही, कारण डोळे पुसायचे होते.

मॅडम, निवृत्तीनंतर तुम्ही काय करणार, हे मला कालच घरी कळलं. आई पिशवी भरत होती. “आम्ही दोघी फोटो काढायला निघालोय.”

“मी येऊ?”

“नको. तू भरभर चालतोस, आणि बोलतोस फार.”

तेव्हा थांबतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला. फारच लागलं असेल, तर उद्या ओपीडीत या.