उंच-बुटकी, जाडी-बारीक

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं, तू होय! आवाज असा काय येतोय, विहिरीतून बोलल्यासारखा?… जिन्यात? जिन्यात काय करतेयस?… वर्गाच्या. बरं. कसला वर्ग?

स्पॅनिश!… तू?… नाही गं, हसत नाही. खोकला आला… बरं बाई, हसले थोडी. बोल.

हो, शिकले होते की. कुणी सांगितलं, तुझ्या बापानं?… सत्याऐंशी साल. एकोणीसशे सत्याऐंशी. पक्कं सांगते. त्याच वर्षी आपल्या चष्म्याच्या दुकानाला नवी पाटी लागली आणि त्याच वर्षी तुझ्या आत्याचं लग्न मोडता मोडता राहिलं.

थांब, आधी तुझं सांग. जिन्यात का बसलीयस?… उभं राहून स्वतःचं वर्णन करायचं होतं. बरं… मग?… नुसतं ‘मी आहे’ म्हणालीस? आणि पुढे?… पुढे काहीच नाही. अगं बाई.

आणि सगळे बघत होते… आणि मग मधली सुट्टी झाली आणि तू पळालीस. पर्स घेऊन पळालीस का?… म्हणजे घरीच निघालीयस तू! अगं ऐक, ऐक ना. आत्ता जाऊ नकोस. आज गेलीस तर परत त्या दारात पाय ठेवणार नाहीस, मी ओळखते ना तुला… फी नाही गं, फी गेली तर गेली. बस तिथेच. पाच मिनिटं बस.

मी? मी काय म्हणाले होते?… अगं, माझी तर तुझ्याहून वाईट गत झाली होती. तुझ्यासमोर नुसता वर्ग आहे. माझ्यासमोर विहीण होती.

आता कुठून सांगू… तुझी आत्या तेव्हा परदेशात नर्सिंग शिकत होती. तिथे तिला तो मुलगा भेटला… हो, तुझे आतोबाच, दुसरा कोण! तेव्हा केस होते त्याला. बसगाड्या दुरुस्त करायचा. आई एकटी, स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नाही, हा एकुलता एक. आई म्हणाली, मुलीच्या आईशी मी स्वतः बोलणार. फोनवर. मध्ये कुणी नको. ती बाई कोण, कशी आहे, तिनंच मला सांगावं. मग मी हो की नाही ते ठरवीन.

हट्टी? तिच्या जागी बसून बघ ना जरा. एकुलता मुलगा, सून कुठल्या कुठली. माझं लेकरू घेऊन जातील, हेच तिच्या डोक्यात. आणि तो मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही. तुझी आत्या म्हणाली, आई, ती नाही म्हणाली तर मी शिकणं सोडून परत येते. रोज त्याच रस्त्यात त्याचं तोंड बघायचं, माझ्यानं होणार नाही.

मला काय वाटत होतं?… तेच तर! मलाच कळत नव्हतं. सकाळी वाटायचं, होऊ दे पोरीच्या मनासारखं. संध्याकाळी वाटायचं, नाही झालं तर निदान घरी तरी येईल. तुझे आजोबा म्हणायचे, तू आधी एक काहीतरी ठरव. ठरत असतं तर ठरवलं नसतं का?

शिकवलं कुणी? बोटवाल्या काकांनी… तू नाही पाहिलंस त्यांना. आपल्या वरच्या मजल्यावर राहायचे. मालवाहू बोटीवर माल भरून घ्यायचं काम केलेले. बंदराबंदरांत राहून स्पॅनिश उचललेली. त्यातली निम्मी अशी की विहिणीसमोर काय, भिंतीसमोरसुद्धा बोलता येणार नाही… छे, मला नाही शिकवली ती. तुझ्या आजोबांना शिकवली. दोघं बाहेर हसत बसायचे आणि मी आले की एकदम हवापाण्याच्या गप्पा.

मी मागच्या खोलीत काचा घासायला बसलेली असायचे. चाक फिरतंय, वरून पाणी ठिबकतंय, हात घासलेल्या काचेच्या चिखलानं भरलेले. काका दारात स्टूल टाकून बसायचे. “म्हणा वहिनी, सोय आल्ता.” सोय म्हणजे मी आहे… हो, मीही तेच म्हटलं, कुणाची सोय? तर आल्ता म्हणजे उंच. आता मी कुठे उंच? वरच्या फळीवरचा खोका काढायला मला स्टूल लागतं. मी म्हटलं, काका, बुटकी शिकवा. ते म्हणाले, येईल, येईल, आधी आल्ता, मग बाहा. बाहा म्हणजे बुटकी. म्हटलं, मग नुसतं बाहाच शिकवा की! तर म्हणे, नाही.

का नाही? अगं, बोट! बोटीत माल कसा भरतात? डावीकडे एक गाठोडं चढलं की उजवीकडे एक. नाहीतर बोट कलते. जन्म त्यात गेलेला. शब्दसुद्धा तसेच भरले माझ्या डोक्यात. उंच टाकली की लगेच बुटकी. जाडी टाकली की बारीक. आल्ता-बाहा, गोर्दा-फ्लाका, होवेन-व्हिएहा… ते तरुण-म्हातारी. रिका-पोब्रे, श्रीमंत-गरीब. आणि मी चाकाच्या तालावर घोकायचे. अजून येतंय बघ, ऐकलंस ना?

विचारलं ना! काका, ‘मी चष्म्याच्या काचा घासते’ हे कसं म्हणायचं? म्हणाले, ते नाही बुवा माहीत, बंदरावर कुणी काचा घासत नाही. म्हटलं, ‘मला राग लवकर येतो पण लवकर जातो’? म्हणाले, वहिनी, एवढा लांब माल माझ्याकडे नाही. म्हटलं, ‘माझी मुलगी कष्टाळू आहे’? म्हणाले, तुमच्याबद्दल सांगायचंय ना, मग मुलगी कशाला मध्ये? आता तूच सांग, मुलगी सोडून, नवरा सोडून, सासू सोडून, दीर-जावा सोडून मी उरले किती? काच घासता घासता विचार करायचे, मी आहे तरी कशी? एकदा तर नंबरच चुकला काचेचा. गिऱ्हाईक ओरडत आलं, बाई, जिना दोन-दोन दिसतोय मला.

हसतेयस ना? हस. तेवढाच जीव हलका.

मग आला तो दिवस. रविवार सकाळ. फोन दुकानातच होता. आजोबा म्हणाले होते दुकान बंद ठेवतो, पण ते कसले बंद ठेवतायत! एक पियानो शिकवणारे गृहस्थ आले, त्यांना आत घेतलंच. फोनची घंटा वाजली तेव्हा ते नजर तपासायच्या पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत होते. मी रिसीव्हर उचलला. पलीकडून “ओला?” असा जाड, खर्जातला आवाज. काका दारात उभे, तोंडावर बोट ठेवून… हो, मदत करायची नाही असा कबुलीचा शब्द होता ना.

आणि मग काय विचारतेस! ठरवलं होतं, म्हणायचं, सोय बाहा. मी बुटकी आहे. सोय व्हिएहा. मी म्हातारी आहे. मग आभार मानायचे आणि गप्प बसायचं. एवढं साधं. तोंड उघडलं, आणि ‘आल्ता’ निघालं. आल्ता निघालं की बाहा मागोमाग येणारच. मग गोर्दा-फ्लाका. थांबताच येईना गं! उतारावरून सुटलेली हातगाडी! तरुण-म्हातारी, श्रीमंत-गरीब, आनंदी-दुःखी, हुशार-मठ्ठ… मी उंच, मी बुटकी, मी जाडी, मी बारीक, सगळं सगळं त्या बाईला सांगून मोकळी झाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

अक्षरं दाखवणारा आजोबांचा हात तसाच वर राहिला. त्या गृहस्थांनी अक्षरं वाचायची थांबवली. आणि मला वाटलं, गेलं. पोरीचं लग्न गेलं, शिकणं गेलं. आता ही बाई म्हणणार, मुलाला वेडीच्या घरात द्यायचं का? आणि तेव्हा मला कळलं, की मला ते लग्न व्हायला हवं होतं. त्याआधी माहीतच नव्हतं. हातातून जातंय असं वाटल्यावर कळलं.

मग तिकडून आवाज आला. हळूच. “यो ताम्बिएन.”

‘मी पण.’ हो… मी पण, असं म्हणाली ती… मलाही तेव्हा कळलं नव्हतं, काकांनी नंतर सांगितलं. मग ती खूप वेळ बोलली. भराभरा. मी नुसतं ‘सी, सी’ करत होते. सी म्हणजे हो. कशाला हो म्हणतेय, देव जाणे. आणि शेवटी एकच शब्द जोरात म्हणाली, “कोन्सुएग्रा!” आणि फोन बंद.

आता आली का पंचाईत! कोन्सुएग्रा म्हणजे काय? काकांना विचारलं. त्यांना माहीत नाही! म्हणाले, वहिनी, एवढं नक्की सांगतो, शिवी नाही. शिव्या मला सगळ्या येतात, ही त्यांत नाही… अगं खरंच! तसंच म्हणाले. तुझ्या आजोबांना वाटलं, देशाचं नाव असेल. पियानोवाले म्हणाले, मला तर काहीतरी दुखण्याचं नाव वाटतं. तो दिवस कसा काढला माझं मला ठाऊक. जेवण जाईना. रात्रभर कूस बदलत होते.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. रडतेय! मी म्हटलं, झालं, संपलं. म्हटलं, बाळा, ये तू घरी, मी विमानतळावर येते न्यायला. तर ती रडता रडता हसायला लागली. म्हणे, आई, घरी कुठली येतेय मी! तू सांगितलंस तरी काय त्यांना? त्या कालपासून सगळ्या गल्लीला सांगत सुटल्यायत. म्हणतायत, दुसरी कुणी असती तर आपलं चांगलं तेवढं सांगितलं असतं, ही बाई सगळं बोलून मोकळी झाली. हिच्या पोरीला मी नाही म्हणत नाही… मी कुठे काय बोलले होते? मी तर घोकलेलं ओकले होते!

आणि कोन्सुएग्रा?… अगं, विहीण! त्यांच्यातही विहिणीला शब्द आहे. ती मला विहीणबाई म्हणाली होती, आणि आम्ही इकडे दुखणं शोधत बसलो.

नाही, तू असं कर असं नाही म्हणत मी. तुझ्या बाई तुला उंच-बुटकी दोन्ही म्हणू देणार नाहीत… मग काय म्हणू ते मला नको विचारू! मी कशी आहे हे मला आजपर्यंत धड सांगता आलेलं नाही, तुझं कुठून सांगू? एवढंच सांगते, काहीतरी म्हण. चुकीचं म्हण. गप्प बसलीस तर पलीकडच्याला ‘मी पण’ म्हणायला जागाच राहत नाही ना.

काका? काका नंतर मुलाकडे डोंगरात राहायला गेले. समुद्र दिसत नाही म्हणून आधी कुरकुर केली, मग तिथल्या पोरांना शिट्ट्या वाजवायला शिकवत रमले. तिथेच गेले. तुझे आजोबा तर तुला ठाऊकच. डोळे गेले तरी दुकानात बसायचे, गिऱ्हाइकाच्या नाकाला हात लावून चष्मा बसवून द्यायचे. त्यांच्यामागे दुकान तुझ्या बापानं फुलवाल्याला दिलं. आता त्या मागच्या खोलीत फुलांच्या बादल्या असतात. आतोबांनी स्वतःचं गॅरेज काढलं, टक्कल पडलं, गुडघे धरले. आत्या वॉर्डची मुख्य होऊन निवृत्त झाली. तिची पोरं कुठे कुठे पांगलीयत, मलाच गोंधळायला होतं.

आणि विहीणबाई… आहे गं, आहे अजून. लग्नात भेटलो तेव्हा मी तिच्या खांद्याला लागत होते. ती खरीखुरी आल्ता निघाली. त्यानंतर दर रविवारी फोन. कधी ती करते, कधी मी. मला तिचं निम्मं कळायचं, तिला माझं निम्म्याहून कमी. माझ्या शब्दांच्या जोड्या काही सुटल्या नाहीत शेवटपर्यंत.

आता? आता तिला ऐकूच येत नाही… हो, अजिबात. आत्या तिच्या कानाला फोन लावून देते… बंद कशाला करायचं? उलट बरं झालं. स्पॅनिशची कटकटच गेली. मी आपली सरळ आपल्या भाषेत बोलते. किती बोलते! पाय दुखतो, फुलवाल्यानं भिंत निळी केली, तुझ्या आजोबांची आठवण येते, राग लवकर येतो पण लवकर जातो, सगळं. ती मधे मधे ‘सी, सी’ म्हणते.

काही कळत नाही गं तिला. मला तरी तेव्हा कुठे कळत होतं?

कसली घंटा?… तुझ्याकडे वाजली? मग उठ! पर्स घे आणि आत जा… नाही, बाहेर नाही, आत! … हो, हो, काहीही म्हण… रात्री सांग मला. आता नको, आज रविवार आहे, ती तिकडे फोन कानाला लावून बसली असेल. आत्यानं दिलाय म्हणजे बोलतच असेल माझ्याशी, मी नसले तरी. ठेव तू. ठेव, ठेव. लाइन मोकळी कर.